लशीचे वाटे

अंजूरच्या खाडीकडच्या आळीत सीताबाईंच्या हाताचा मोठा लौकिक होता. स्वयंपाकाचा नव्हे, वाटे घालण्याचा. कुणाच्या जाळ्यात मोठा जिताडा लागला, की तो आधी सीताबाईंच्या ओट्यावर यायचा. त्या विळी घेऊन बसायच्या आणि आठ घरांचे आठ वाटे असे काढायच्या, की कुणाला चकार शब्द काढायला जागा राहू नये. पहिला वाटा ज्या घरात आजारी माणूस असेल त्या घराला. शेवटचा, शेपटीकडचा, स्वतःला. वाढणारी बाई शेवटी जेवते, असा त्यांचा न्याय. त्यांचे यजमान बाळाराम ओट्याच्या कडेला बसून कुरकुरायचे, "लग्नाला चालीस वरसं झाली, पन जिताड्याचं डोकं कसं लागतं ते मना अजून म्हाईत न्हाय."

आजूबाजूच्या शेतांवर गोदामं उठली, रस्त्यावर बैलगाडीऐवजी कंटेनर आले, तरी आळीतली ही रीत काही मोडली नाही. अशा चांगल्या रीतीतून कुणाचं वाईट कसं होईल, असं तुम्हाआम्हाला वाटतं. सीताबाईंनाही तसंच वाटायचं.

सुनेचं कौतुक सासूने चारचौघांत करू नये, असा आळीचा अलिखित नियम होता आणि सीताबाई तो दिवसातून चारदा मोडायच्या. मृणाली भिवंडी शहरातली मुलगी. लग्नाआधी एका गोदामाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. बाळंतपणानंतर तिने नोकरी सोडली, पण रिकामं बसणं तिला मानवलं नाही. तिने कोंबडीपालनाचं प्रशिक्षण घेतलं, घरामागे जाळीची शेड बांधून घेतली आणि सुधारित गावठी जातीची शंभर पिल्लं आणली. रात्री बल्ब लावून त्यांना ऊब द्यायची, दर तीन तासांनी उठून पाहायची. नवरा भाविक चेष्टेने म्हणायचा, "आपल्या पोरासाठी इतकी उठली नव्हतीस." ती हसायची. ही शेड तिची स्वतःची होती, कुणाच्या ऑफिसातली खुर्ची नव्हती, आणि घरातल्या सगळ्यांना ते दिसत होतं.

पिल्लं सात दिवसांची झाली तेव्हा मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, पहिली लस मृणालीने दिली. सीताबाईंनी पिल्लं धरली, मृणालीने डोळ्यात एकेक थेंब टाकला. चौथ्या आठवड्यात दुसरा डोस. त्या दिवशी सकाळी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या धम्मदिना बर्फाच्या डब्यातून शंभर डोसांची बाटली देऊन गेल्या आणि त्या गेल्या न गेल्या तोच मृणालीच्या माहेरून फोन आला. आईला ताप भरला होता.

"आई, तुम्ही कराल ना?" मृणाली रिक्षात बसता बसता म्हणाली. "बाटलीत सोबतचं पाणी घालायचं, हलवायचं, एका पिल्लाला एक थेंब. सावलीत. तासाभरात संपवायचं."

"आगो जा तू. मी काय पह्यल्यांदा कोंबरी धरते काय?"

सीताबाईंनी सगळं नीट मांडलं. सावलीत पाट, पाटावर बर्फाचा डबा, डब्यात बाटली. एवढ्यात कुडाच्या पलीकडून पुतळाबाईंनी डोकावलं. पुतळाबाई त्यांच्या जाऊबाई. नजर तीक्ष्ण, तोंड त्याहून.

"काय गं, डोल्यात घालाचं औषध आलंय म्हनं? आमच्या कोंबर्‍यांना पन दोन थेंब दे की."

मागोमाग बायजाबाई आल्या. त्यांच्या कोंबड्या दोन दिवस शिंकत होत्या. मग आनंदीबाई आल्या. अर्ध्या तासात ओट्यावर सात बाया जमल्या, सातही जणी वर्षानुवर्षं याच ओट्यावरून वाटा घेऊन गेलेल्या. आता यांना नाही कसं म्हणायचं? सीताबाईंनी मनाशी मोजलं. आपली शंभर पिल्लं, आळीच्या नव्वद कोंबड्या. बाटली तेवढीशी. पण डाळीला पाहुणे वाढले तर बाई काय करते? पाणी वाढवते. सीताबाईंनी नळाचं स्वच्छ पाणी आणलं आणि बाटलीतल्या सोबतच्या पाण्यात आणखी तेवढंच घातलं.

आणि रीतीप्रमाणे पहिला वाटा आजारी घराला. बायजाबाईंच्या शिंकणाऱ्या कोंबड्यांपासून सुरुवात झाली. तिथून आनंदीबाईंकडे, तिथून पुतळाबाईंकडे. त्याच हातांनी, त्याच ड्रॉपरने, त्याच चपला घालून. उन्हातून सात घरं फिरता फिरता दुपारचे दोन वाजले. डब्यातला बर्फ केव्हाच वितळला होता. सगळ्यांचं झाल्यावर सीताबाई आपल्या घरामागे आल्या आणि शेवटचे थेंब सुनेच्या पिल्लांना घातले. त्या दिवशी त्या समाधानाने जेवल्या. संध्याकाळी मृणालीने विचारलं, "झालं का सगळं?" तर म्हणाल्या, "सगल्यांचं झालं." हे काही खोटं नव्हतं.

सहाव्या दिवशी पहाटे मृणाली शेडमध्ये गेली आणि तशीच दाराशी थांबली. पाच पिल्लं चोची उघड्या टाकून श्वास ओढत होती. शेडभर घरघर ऐकू येत होती. खाली हिरवट विष्ठा. दुसऱ्या दिवशी तीन मेली, तिसऱ्या दिवशी सात. काहींच्या माना वाकड्या झाल्या, दाणा टिपायला जावं तर चोच भलतीकडेच वळायची. मृणाली एकेक पिल्लू मांडीवर घेऊन ड्रॉपरने पाणी पाजत बसायची, आणि सीताबाई दारात उभ्या राहून तिच्याकडे पाहायच्या. आळीतही बायजाबाईंच्या चार कोंबड्या गेल्या होत्या.

पुतळाबाई म्हणाल्या, "मरायच्या आधी चिकनवाल्याला देऊन टाकू सगल्या." बाळारामनाही ते पटलं. पण मृणालीने धम्मदिनांना फोन लावला.

धम्मदिना कामतघरहून स्कूटरवर आल्या. कामतघरच्या चाळीत वाढलेल्या, समोरचा बोलेल तेवढं ऐकून घेऊन मग स्वतःचं शांतपणे सांगणाऱ्या बाई. त्यांनी चपला बाहेर काढल्या, बूट चढवले, हातमोजे घातले आणि मगच शेडमध्ये पाऊल टाकलं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य त्यांनी पुतळाबाईंना ऐकवलं.

"मावशी, एकही कोंबडी आळीबाहेर जाणार नाही. तुमच्या चार कोंबड्या भिवंडीच्या दुकानात गेल्या, की तिथल्या पिंजऱ्यात शंभर कोंबड्या त्यांच्या शेजारी बसतात. तो पिंजरा, ती टोपली, तो टेम्पो उद्या दहा गावांत फिरतो. रोगाला पाय नसतात, ते आपण देतो."

मेलेली दोन पिल्लं त्यांनी पिशवीत बांधून तपासणीला नेली. बाकीच्यांसाठी खोल खड्डा खणून वर चुना टाकायला सांगितला. "बर्ड फ्लू तर नाही ना?" मृणालीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "रिपोर्ट आल्याशिवाय मी हो पण म्हणणार नाही, नाही पण म्हणणार नाही." ते चार दिवस आळीत कुणाच्या घशाखाली घास उतरला नाही. बर्ड फ्लू निघाला असता तर सगळ्यांच्याच कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या असत्या.

रिपोर्ट आला तो राणीखेतचा. धम्मदिना तो घेऊन आल्या, आळीच्या बाया ओट्यावर जमल्या आणि मृणालीचा इतके दिवस धरलेला बांध फुटला.

"ताई, रागावू नका, पण तुमची लसच खराब होती. मी पहिला डोस दिला, दुसरा आईंनी दिला, एकही तारीख चुकवली नाही. मग राणीखेत आला कसा? मी आमच्या प्रशिक्षणाच्या ग्रुपवर टाकलंय, दवाखान्याची लस घेऊ नका म्हणून."

धम्मदिनांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. "तुमची शंका रास्त आहे. मी या बॅचची तक्रार वर कळवते. तपास होईपर्यंत इथल्या सगळ्या गावांचं लसीकरण थांबवावं लागेल. पावसाळ्याच्या तोंडावर थांबवणं बरं नाही, पण लसच खराब असेल तर इलाज नाही."

"फुकटची लस ती, असलीच असनार," पुतळाबाई म्हणाल्या. "आता कंदीच घेनार न्हाय मी."

सीताबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना ते नळाचं पाणी आठवत होतं. मृणालीला आणि धम्मदिनांना ते ठाऊक नव्हतं. ज्यांना पाणी घातलेलं माहीत होतं, त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. गप्प राहिल्या असत्या तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण समोर ही कामतघरची मुलगी, जिची काही चूक नव्हती, मान खाली घालून कागदावर स्वतःच्याच दवाखान्याची तक्रार लिहायला घेत होती. आणि त्या कागदामुळे पलीकडच्या गावांतल्या बाया लशीवाचून राहणार होत्या. सुनेला कळलं तर ती पुन्हा कधी 'आई' म्हणेल का, हा विचार सीताबाईंच्या मनात आला, तरी त्या चौकटीपासून पुढे झाल्या.

"थांब गं बाय," त्या म्हणाल्या. "लिहू नको. लस चांगली व्हती. मीच तिचे वाटे घातले."

सीताबाईंनी काहीही न लपवता सांगितलं. पाणी किती घातलं, कुठून आणलं, कुठल्या घरापासून सुरुवात केली, किती वाजता संपवलं. सांगताना त्या मृणालीकडे पाहत नव्हत्या. "मना वाटलं, सगल्यांच्या कोंबर्‍या वाचतील," एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाला लावला.

मृणाली उठली आणि घरात गेली.

धम्मदिनांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि त्या सीताबाईंच्या शेजारी खाली बसल्या. "मावशी, तुम्ही आज जे बोललात ते सोपं नव्हतं. आता काय घडलं ते सगळ्यांनी ऐका, म्हणजे पुन्हा घडणार नाही. या लशीत जिवंत विषाणू असतो, पण कमजोर केलेला. तो कोंबडीच्या अंगात जाऊन तिला शिकवतो, की खरा शत्रू आला तर असा ओळख. शिकवायला हे विषाणू ठराविक संख्येने जावे लागतात. अर्धे गेले तर शिकवणी अर्धी. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते या विषाणूलाही मारतं. उरलेले तीन तासांत उन्हाने गेले. म्हणजे मृणालीच्या पिल्लांपर्यंत पोचलं ते जवळजवळ पाणीच."

"आनि रोग?" बायजाबाईंनी विचारलं.

"तो तुमच्याकडे आधीच होता. कोंबड्या शिंकत होत्या ना? मावशींच्या हातांवरून, ड्रॉपरवरून, चपलांवरून तो घरोघर गेला. आजारी घर शेवटी घ्यायचं असतं, पहिलं नाही."

सीताबाईंच्या मनात आलं, आयुष्यभर ज्याला पुण्य समजत आलो ते एका सकाळी असं उलटं फिरावं!

"पण थोरी का होईना, लस गेलीच ना काही कोंबर्‍यांना," आनंदीबाई म्हणाल्या. "माझी एक पन मेली न्हाय."

"तेच जास्त काळजीचं आहे, मावशी." धम्मदिना म्हणाल्या. "तुमच्या लग्नात गातात ते धवले असतात बघा. एक धवलारीण दुसरीला शिकवते, दुसरी तिसरीला. दर वेळी एखादा शब्द बदलतो की नाही?"

"बदलतो तर. माझ्या आयेचा धवला येगला, माझा येगला," सीताबाई पदराआडून म्हणाल्या.

"विषाणूचंही तसंच आहे. तो कोंबडीच्या अंगात स्वतःच्या लाखो नकला काढतो आणि नकलेगणिक कुठे ना कुठे चुकतो. बहुतेक चुकांनी तोच मरतो. पण एखादी चूक त्याला फायद्याची ठरते. कोंबडीला पूर्ण लस मिळाली असेल, तर तिच्या अंगात त्याला फार नकला काढायला सापडत नाही. अर्धी लस मिळालेली कोंबडी मरत नाही, बरी दिसते, दाणे टिपते, पण तिच्या अंगात तो राहतो आणि बाहेर पडत राहतो. आणि अर्ध्या लशीला जे चुकवू शकतात तेवढेच मागे उरतात. असं चालू राहिलं तर उद्या आजची लस कमी पडेल. कोंबड्यांच्या खोकल्याचे काही विषाणू तर इतक्या झपाट्याने बदलतात, की एका प्रकारची लस दुसऱ्याला पुरत नाही. तपासून, निवडून द्यावी लागते. आपल्या हातात एवढंच आहे, की जी लस आहे ती पूर्ण द्यायची, सगळ्यांना द्यायची आणि एकाच दिवशी द्यायची."

बाया उठून गेल्या. त्या दिवशी कुणी कुणाला टोमणा मारला नाही, पुतळाबाईंनीसुद्धा नाही.

रोग ओसरला तेव्हा शंभरातली सत्तावन्न पिल्लं उरली होती. मृणाली सासूशी बोलायची, पण कामापुरतं. "आई, भात झालाय." "आई, बाळाला घ्या." एका संध्याकाळी सीताबाईंनी तिला भाविकला सांगताना ऐकलं, "ही मोठी होतील तेवढी होऊ दे. मग शेड मोडू. जुन्या ऑफिसात जागा आहे, मी फोन केलाय."

सून नोकरीला जाणार याचं सीताबाईंना दुःख नव्हतं. खुशीने गेली असती तर त्यांनी दृष्ट काढून पाठवलं असतं. पण ती हरून चालली होती, आणि हरवलं होतं आपण. त्या रात्रभर कूस बदलत राहिल्या. सकाळी चहा घेऊन मृणालीजवळ गेल्या, कप ठेवला आणि माफी मागावी कशी हे न सुचून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"मना रागव गं बाय. पन अशी गप नको बसू."

मृणालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "मला राग नाही आला, आई. तुम्ही सगळ्यांना दिलंत आणि माझ्या पिल्लांना शेवटी. मला वाटलं, मी तुमच्या शेवटच्या वाट्यातच येते का?"

सीताबाईंना हे शब्द फार लागले. आपलं माणूस म्हणून आपण ज्याला मागे ठेवत आलो, त्याला ते असं दिसत असेल, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी सुनेला जवळ ओढलं. दोघी बराच वेळ रडल्या. बाळाराम चहा मागायला आले होते, ते तसेच परत फिरले.

त्याच दिवसापासून सीताबाई सातही घरं फिरू लागल्या. या वेळी वाटा द्यायला नव्हे, शब्द घ्यायला. आळीच्या सगळ्या कोंबड्यांना एकाच सकाळी लस, जितक्या कोंबड्या तितके डोस, नवी कोंबडी आणली तर पंधरा दिवस वेगळी, मेली तर फोन. बायजाबाई लगेच तयार झाल्या. आनंदीबाईंना दोनदा सांगावं लागलं. पुतळाबाईंनी तीन दिवस ताटकळत ठेवलं आणि चौथ्या दिवशी, "बघू," म्हणाल्या. पुतळाबाईंच्या तोंडचं 'बघू' म्हणजे होकारच. हे सगळं सीताबाईंनी सुनेला येऊन सांगितलं आणि म्हणाल्या, "शेड मोराची का ठेवाची ते तू ठरव. पन आपली सगली आली आता शहानी झाली हाय."

मृणालीने शेड मोडली नाही. चुना मारला, पेंढा जाळला, शेड सहा आठवडे रिकामी ठेवली. जुनी सत्तावन्न परसाच्या पलीकडच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली आणि मग नवी शंभर पिल्लं मागवली. तिने ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, की लस खराब नव्हती, चूक आमच्या घरात झाली, कशी झाली तेही लिहिलं. धम्मदिनांची तिने फोनवर माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "तो मेसेज मी दवाखान्यात छापून लावू का?"

लशीचा दिवस गुरुवार ठरला. धम्मदिना तीन बाटल्या घेऊन आल्या. मृणालीने त्यातली शेडची बाटली उचलली आणि सासूच्या हातात दिली. "तुम्हीच द्यायची, आई. मी धरते."

सीताबाईंच्या हातून एकही थेंब इकडे तिकडे गेला नाही. बाकीच्या घरी धम्मदिना स्वतः गेल्या, घरागणिक हात धुऊन आणि बूट पुसून. दहा वाजायच्या आत सगळं आटोपलं. बाटल्यांच्या तळाशी थोडी थोडी लस उरली होती. ती फेकायची आहे हे कळल्यावर सीताबाईंच्या जिवाची घालमेल झाली, पण त्यांनी बाटल्यांना हात लावला नाही.

दुपारी पुतळाबाई टोपली घेऊन आल्या. आत सहा कोंबड्या, आजच माहेराहून आणलेल्या. ओट्यावरच्या बाटलीकडे त्यांनी बोट दाखवलं. "हाय की अजून उरलेलं. दोन दोन थेंब घाल यांना. फेकाचंच हाय तर."

मृणाली दारातून पाहत होती.

"न्हाय," सीताबाई म्हणाल्या.

पुतळाबाईंना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"न्हाय देनार. चार तास झाले, लस मेली आता. ते घालून तू निर्धास्त व्हशील आनि तुझ्या कोंबर्‍या मरतील. यांना पंधरा दिस मागच्या खोपटात येगल्या ठेव. मी सवताहून धम्मदिनाला सांगून यांची पुरी लस आनते."

"चालीस वरसांत तू मना कंदी 'न्हाय' बोलली न्हाईस." पुतळाबाई म्हणाल्या.

"म्हाईत हाय." सीताबाईंचे डोळे भरून आले होते. "तू माझी जाऊ न्हाय, भैन हायस. म्हनून बोलते."

पुतळाबाई टोपली उचलून तरातरा निघून गेल्या. कोंबड्या मात्र त्यांनी मागच्या खोपटातच ठेवल्या, हे बाळारामांनी कुडावरून पाहून येऊन सांगितलं.

वाचकहो, आपण सगळेच थोडेफार सीताबाई आहोत. घरातल्या एकाच्या गोळ्या दुसऱ्याला देतो, बरं वाटलं की उरलेल्या ठेवून देतो, आणि त्यात आपली माया असते म्हणून ते चुकीचं वाटत नाही. पण रोग माया ओळखत नाही. तो अर्धं राहिलेलं काम शोधतो आणि तिथेच घर करून बदलत राहतो. म्हणून अन्न वाटून घ्या, सुखदुःख वाटून घ्या. लस मात्र ज्याची त्याला पूर्ण द्या, वेळेवर द्या, शेजाऱ्यालाही पूर्णच मिळेल एवढी धडपड करा. आणि आपल्या हातून चूक झाली, तर दुसऱ्याच्या नावावर जाण्याआधी ती बोलून टाका. अंजूरच्या त्या आळीतल्या कोंबड्या त्या पावसाळ्यात जगल्या त्या लशीने, आणि ती लस पुढच्या गावांना मिळाली ती एका बाईने सगळ्यांसमोर स्वतःची चूक सांगितली म्हणून.